ईपीओ विमानाचं मोटर माउंट बुडातून तुटलं: चिकटवावं की बदलावं?

फोमपंख:
१ मीटर पंखांचं, रिमोटवर उडणारं ईपीओ फोमचं विमान आहे. २२१२ आकाराची मोटर, ८×४ इंची प्रॉप (पंखा), ३ एस म्हणजे तीन सेलची बॅटरी. नाकावर आपटल्यामुळे मोटर धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या माउंटचे चारपैकी दोन पाय बुडातून तुटले आणि त्यामागचा फोम चेपला. सुपरग्लू आणि खायचा सोडा वापरून पाय जोडले तर टिकतील का? नवीन माउंट करायचं झालं तर कशाचं करावं? शिवाय मोटर मुळातच किंचित उजवीकडे आणि खाली झुकलेली होती. तो कोन परत कसा मिळवायचा?

बाल्साकाडी:
पाय जोडू नका. असं माउंट बहुतेक नायलॉनचं असतं आणि त्यावर सुपरग्लू धड बसत नाही. सोड्याने सांधा कडक होतो, पण ठिसूळही होतो, आणि मोटरची थरथर नेमकी ठिसूळ सांध्यालाच सोसत नाही. पूर्ण थ्रॉटलला तो सुटला तर फिरता प्रॉप नाकात घुसतो आणि ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) वायरी उपटतो.

जुनं माउंट काढण्याआधी दोन मापं घ्या: पायांची लांबी, आणि शाबूत असलेल्या दोन पायांवरून दिसणारा कोन. ती हातची गेली की पुढे सगळा अंदाजच.

चेपलेल्या फोमवर उकळतं पाणी हळूहळू ओता, ईपीओ बराचसा फुगून जागेवर येतो. हे गोंद लावण्याआधीच करायचं आणि फोम पूर्ण वाळू द्यायचा. मग जुना गोंद कापून काढा, १२० नंबरच्या सँडपेपरने पृष्ठभाग खरखरीत करा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

माउंटऐवजी ३ मिमी बर्च प्लायची फायरवॉल (नाकावर चिकटवायची, मोटर धरणारी पाटी) लावा आणि मोटर क्रॉस प्लेटवर (मोटरच्या बुडाला लागणाऱ्या फुलीच्या आकाराच्या पट्टीवर) बसवा. प्लायच्या मागच्या बाजूला एम३ ब्लाइंड नट (लाकडात ठोकून बसवायचे नट) प्लाय चिकटवण्याआधीच ठोका, नंतर तिथे हात पोचत नाही. ३० मिनिटांचं इपॉक्सी वापरा. ५ मिनिटांचं इपॉक्सी कोन तपासेपर्यंत घट्ट व्हायला लागतं आणि उष्णतेने लवकर मऊ पडतं. हॉट ग्लू तर मोटरजवळ नकोच. प्लायमधून तिरप्या जातील अशा ३ मिमी जाडीच्या चार बांबूच्या काड्या फोममध्ये ४० मिमी आत घाला. नुसत्या सपाट सांध्याला फोमची वरची साल तेवढी धरून ठेवते, आणि प्लाय सुटतो तो ती साल घेऊनच.

पाय जेवढे लांब होते तेवढ्याच लांबीचे ॲल्युमिनियमचे स्पेसर (मधे घालायच्या नळ्या) घाला, नाहीतर प्रॉप नाकाला घासेल.

कोनमापी:
कोनाबद्दल. वर पंख असलेल्या विमानाला उजवीकडे २ अंश आणि खाली २–३ अंश ही सुरुवात बहुधा जमते, पण जुन्या माउंटवर मोजलेला कोन असेल तर तोच धरा. फायरवॉल सरळ चिकटवा आणि कोन वॉशरने द्या, म्हणजे नंतर बदलता येतो.

समजा चार स्क्रू चार कोपऱ्यांत आहेत आणि त्यांच्यातलं आडवं-उभं अंतर ३० मिमी आहे. तिथे २ अंशांसाठी साधारण १ मिमी लागतं, म्हणजे ०.५ मिमीचे दोन वॉशर. मागून, पायलटच्या बाजूने पाहून: उजवा कोन हवा तर डावी बाजू पुढे उचलायची, खालचा कोन हवा तर वरची. दोन्ही मिळून वरचा डावा कोपरा २ मिमी, वरचा उजवा १, खालचा डावा १, खालचा उजवा शून्य.

बहुतेकांकडून एक गोष्ट सुटते. मोटर वळवली की प्रॉपचं केंद्रही सरकतं. फायरवॉलपासून प्रॉप ४० मिमी पुढे असेल तर २ अंशांना ते १.४ मिमी उजवीकडे जातं, म्हणून भोकं तेवढीच डावीकडे आणि तेवढीच वर पाडा.

उडवताना आधी मध्यम थ्रॉटलला ट्रिम करा (काड्या सोडूनही विमान सरळ उडेल असं रिमोटवर जुळवा) आणि मग थ्रॉटल एकदम वाढवा. नाक जोरात वर गेलं तर खालचा कोन १ अंशाने वाढवा. डावीकडे ओढलं तर उजवा.

वॉटमीटर:
माउंट तुटेल एवढा धक्का शाफ्टलाही बसलेला असतो. प्रॉप काढून मोटर हाताने फिरवा. शाफ्टचं टोक डगमगतं का, बेल (मोटरचं फिरतं कवच) आत कुठे घासते का पाहा. शाफ्ट वाकलेला असेल तर नवीन माउंटही थरथरीनेच जाईल.

क्रॉस प्लेट मोटरला लावतानाचा स्क्रू लांब झाला तर तो वाइंडिंगला (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळ्यांना) टेकतो आणि ईएससी जळते. भोकात टूथपिक घालून खोली मोजा, स्क्रू त्यापेक्षा १ मिमी कमी आत जाऊ द्या. मग मल्टिमीटरने मोटरच्या तिन्ही वायरी आणि मोटरचं अंग यांच्यात कंटिन्युइटी (वीज आरपार जाते का) तपासा. बीप आला तर बॅटरी जोडू नका.

निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) फक्त धातूवर धातू असेल तिथेच. काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात. प्रॉप नवीन घ्या आणि बॅलन्स करा, केसाएवढी चीर असलेलाही नको.

फोमपंख:
प्लायऐवजी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लॅस्टिकमध्ये प्रिंट केलं तर? आणि जास्त मजबुतीसाठी ५ मिमी प्लाय?

बाल्साकाडी:
पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होतो. तापलेली मोटर आणि ऊन मिळून तेवढं सहज गाठतात. प्रिंटच करायचं तर पीईटीजी प्लॅस्टिक घ्या, आणि पाय आडवे ठेवून छापा, म्हणजे थर पायांच्या लांबीच्या दिशेने येतील. उभे छापले तर थरांच्या मधूनच तुटतील.

५ मिमी नको. प्लाय तुटला तर नवीन कापता येतो. तो तुटला नाही तर सगळा धक्का फोमच्या धडात जातो, आणि ते दुरुस्त करणं जास्त किचकट. ४० मिमी चौरस ३ मिमी प्लाय सुमारे ३–४ ग्रॅम भरतो. त्यात इपॉक्सी, काड्या आणि स्पेसर आले, सगळं अगदी नाकावर. त्यामुळे उडवण्याआधी सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) तपासा आणि बॅटरी थोडी मागे सरकवा.