बातम्यांत सरळ मीटर-लिटर का नाही लिहीत?

उल्का "दोन बसएवढी", जंगल जळालं "हजार फुटबॉल मैदानांएवढं"... अरे मीटर, हेक्टर सांगा ना! मला खरंच काही अंदाज येत नाही, तुम्हाला येतो का?

– फुटबॉलचं तरी ठीक आहे, आंतरराष्ट्रीय मैदान साधारण १०५ बाय ६८ मीटर म्हणजे ०.७ हेक्टर धरता येतं, पण क्रिकेटच्या मैदानाला एकच ठरलेलं माप नाही, मग "तीन क्रिकेट मैदानं" म्हणजे नेमकं किती?

– तुलना वाईट नाही हो, आकडा गाळतात त्याचा राग येतो. ऑलिम्पिक तलाव ५० बाय २५ मीटर, खोली २ मीटर धरली तर २५ लाख लिटर, एवढं लिहायला कितीशी जागा लागते?

– आणि वजनाला हत्ती! आफ्रिकन नर ६ टनांचाही असतो, आशियाई सहसा त्याहून हलका. कुठला हत्ती ते लिहीतच नाहीत.