‘कादंबरीबरहुकूम’ चालतं का?

खानापूरकर :
वाचनालयाच्या दिवाळी हस्तलिखितासाठी दूरदर्शनच्या ‘चंद्रकांता’वर दोन पानं लिहिली. पहिलंच वाक्य : ‘१९९४ साली सुरू झालेली ही मालिका देवकीनंदन खत्रींच्या १८८८ च्या कादंबरीबरहुकूम नाही.’ हस्तलिखित बघणाऱ्या मुलीनं ‘बरहुकूम’वर तांबडी रेघ मारली. म्हणते, काका, हुकूम माणूस सोडतो, कादंबरी कसला सोडणार? समासात तिनं ‘प्रामाणिक नाही’ असं सुचवलंय. ते वाचून वाटतं, मालिकेनं कुणाचे पैसे बुडवले. ‘एकनिष्ठ’ लिहावं तर लग्नाची भानगड. इंग्रजीत सरळ फेथफुल म्हणतात. आपण काय म्हणायचं?

टिळकवाडीकर :
मूलानुसारी. बरहुकूम फारसी आहे. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश शिवाजी महाराजांनी उगाच करवून घेतला नव्हता.

वडगावची :
काका, ‘मूलानुसारी’ ऐकून माझ्या भावाला ते आयुर्वेदिक चूर्ण वाटलं. आणि फारसी नको तर कागद, शाई दोन्ही टाकून द्या. हस्तलिखित लिहिणार कशावर?

निपाणीकर :
फारसी कुठलं घेऊन बसलाय! कन्नडात ‘बरह’ म्हणजे लिखाण. बरह अधिक हुकूम, लेखी हुकूम. आमचे मास्तर सांगायचे. सीमाभागात राहून एवढं कळू नये?

होसूरकर :
नाना, जोड झकास, पण टिकत नाही. बरखास्त, बरतरफ, बरबाद यांत जो ‘बर’ आहे तोच हा. फारसीतला. बरखास्त झालेल्या सभेत कुणी लिहीत बसत नाही.

निपाणीकर :
इतिवृत्त लिहितात की.

शहापूरची मावशी :
व्युत्पत्ती राहू दे. आमच्याकडं हा शब्द शिंप्याच्या दुकानात असायचा. आई मापाचं झंपर पुढं टाकायची आणि म्हणायची, ‘नमुन्याबरहुकूम शीव.’ एकदा ट्रंकेच्या तळातलं, लग्नातलं झंपर नेलं. त्यानं खरंच बरहुकूम शिवलं. गळा तोच, बाहीची झालर तीच. अंगात शिरेना. आई भांडायला गेली तर तो काखेतली शिवण उलटी करून दाखवतोय, ‘अव्वा, सूतभर फरक न्हाई बघा.’ दोष त्याला द्यायचा की चार बाळंतपणांना? तेव्हा हुकूम माणूसच सोडतो असं काही नाही, झंपरसुद्धा सोडतं. तुमचं वाक्य बरोबर आहे, खानापूरकर.

वडगावची :
मावशी, नेमकं हेच मी गेम ऑफ थ्रोन्सबद्दल म्हणत असते! २०११ ला मालिका सुरू झाली, त्याच वर्षी ती ज्या कादंबऱ्यांवरून काढली त्यातलं पाचवं पुस्तक आलं. सहावं आलंच नाही आणि मालिका २०१९ ला संपलीसुद्धा. पुढचं कशाबरहुकूम काढायचं? मापाचं झंपरच नाही.

खानापूरकर :
‘चंद्रकांता’ची गोष्ट निराळी. तिथं नमुना पुरा होता. कादंबरीतले ऐयार, म्हणजे हेर, वेश बदलतात, बेशुद्धीची भुकटी हुंगवतात, लखलखा हुंगवून शुद्धीवर आणतात. सगळी हातचलाखी. मालिकेत जादूच फार. क्रूरसिंह पुस्तकात आहे, पण त्याचं ते ‘यक्कू’ हे पालुपद कुठं आहे? रविवारी सकाळी गल्लीतल्या एकुलत्या टीव्हीपुढं बसलेल्या, हिंदीचा शब्द न कळणाऱ्या कन्नड आजीसुद्धा नेमक्या त्यालाच हसायच्या. म्हणजे लोकांना आवडलं तेच मुळात नव्हतं. हे एका शब्दात कसं सांगू?

नंदगडचा :
अहो, तो शब्द आपल्या तालुक्यात रोज चालतो. बगरहुकूम! सरकारी जमीन परवानगीवाचून कसली की ती बगरहुकूम सागुवळी. जमीन खत्रींची, नांगर मालिकावाल्यांचा. यक्कूचं पीक मात्र जोरात आलं.

वडगावची :
मग यक्कूच्या नावावर जमीन नियमित करून घ्यायचा फॉर्म ५७ भरायचा काय?

टिळकवाडीकर :
थट्टा पुरे. पुणे-मुंबईच्या वाचकाला बगरहुकूम काय कळणार?

नंदगडचा :
हस्तलिखित खानापुरात वाचतात, पुण्यात नाही.

होसूरकर :
मला वेगळंच खुपतंय. आमच्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर. १८८० ला त्यांनी ‘शाकुंतल’ मराठीत आणलं ते कालिदासाला धरून. पण कालिदास तरी कुठं बरहुकूम होता? महाभारतात ना अंगठी, ना दुर्वासाचा शाप. तिथं दुष्यंताला सगळं आठवत असतं आणि भर सभेत तो ओळख नाकारतो. कालिदासानं त्याला शाप देऊन सोडवलं. आज असं केलं असतं तर वडगावच्या पोरींनी त्याला फाडून खाल्लं असतं. मला विचाराल तर तो बदल मला आजही पटत नाही. शापामुळं दुष्यंत सुटतो आणि शकुंतलेच्या भांडणातला जोर जातो. महाभारतातली बाई काय बोलते राजाला!

शहापूरची मावशी :
व्हय. ती माझ्या आईसारखी, झंपर घेऊन दुकानात उभी राहणारी.

टिळकवाडीकर :
कालिदासाला बगरहुकूम म्हणणार काय आता?

नंदगडचा :
पीक बघून म्हणणार.

खानापूरकर :
मंडळी, सोमवारी पान द्यायचंय. बरहुकूम ठेवू की काढू?

निपाणीकर :
लखलखा कशाचा करत होते म्हणे? आमच्याकडं फेफरं आलं की कांदा फोडून नाकाला लावायचे.

शहापूरची मावशी :
कांदा नव्हं, चामड्याचं पायताण.