उत्तर: प्रोबायोटिकमधला रेझिस्टन्स

प्रोबायोटिकबद्दल (पोटासाठी मुद्दाम घ्यायचे उपयुक्त जंतू) "अँटिबायोटिकने मरत नाही म्हणजे तो जंतू जनुकीय बदल केलेलाच" असं म्हटलं जातं, ते पटत नाही. बॅसिलस क्लॉसी या प्रोबायोटिक जंतूच्या पाण्यासारख्या कुप्या मिरजेत कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात. त्यातले चार स्ट्रेन (एकाच जातीतले उपप्रकार) क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन वगैरे अँटिबायोटिकना दाद देत नाहीत (हाच रेझिस्टन्स), पण ते निवड करून मिळवलेले आहेत, बाहेरचं जनुक घुसवून नाही. बऱ्याच लॅक्टोबॅसिलसांना (दह्यातही असणारे जंतू) व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक लागू पडत नाही, कारण ते औषध पेशीभित्तिकेत जिथे चिकटतं तिथली रचनाच त्यांच्यात वेगळी असते. हा गुण मूळ गुणसूत्रातला, सहसा दुसऱ्या जंतूकडे जात नाही.

खरी भानगड प्लाझ्मिडची, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची, जे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीच्या एका बाजारातल्या स्ट्रेनमध्ये टेट्रासायक्लिन आणि लिंकोमायसिनला रेझिस्टन्स देणारी दोन प्लाझ्मिडं सापडली. ती काढून टाकून डीएसएम १७९३८ हा स्ट्रेन तयार केला. म्हणजे इथे काही घातलं नाही, उलट काढलं! म्हणून पाकिटावर नुसतं जातीचं नाव नको, स्ट्रेनचा क्रमांक बघा. तो छापलाच नसेल तर मी तरी ते पाकीट परत ठेवीन.

उलट बाजू, म्हणजे रेझिस्टन्स नसलेल्या जंतूंचं काय होतं, ती सांगलीकडच्या गोठ्यात दिसते. दगडी (कासेची सूज) झालेल्या गाईच्या सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली आणि दुधात औषधाचा अंश राहण्याचे दिवस संपायच्या आत दूध घातलं, तर विरजण लागत नाही, दही पातळ राहतं. विरजणातला स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस पेनिसिलिनच्या अगदी थोड्या अंशानेही अडतो. लॅक्टोबॅसिलसची कॅप्सूलही म्हणूनच अँटिबायोटिकनंतर किमान दोन तासांनी घ्यायची. सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट, त्याला ही अडचण नाही.