मदत हवी आहे: सामूहिक चित्रप्रदर्शनाचा प्रस्ताव समितीपुढे कसा मांडावा?

नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेतल्या ११ हौशी चित्रकारांचं एकत्र प्रदर्शन भरवायचं ठरतंय. दालन संस्थेचंच आहे, पण कार्यकारी समितीची मंजुरी लागते आणि प्रस्ताव लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. (बैठकीला उशिरा पोचल्याची शिक्षा.)

पहिला मसुदा परत आला. शेरा एकच: 'तपशील अपुरा'. खरं तर त्यांचं बरोबरच होतं. मी दीड पान कलेच्या महतीवर खर्च केलं होतं आणि भिंत किती लागणार याचा उल्लेखच नव्हता. आता भिंती मोजल्यात. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंमीवर धरून, दोन चित्रांत मोकळी जागा सोडून, ३० च्या आसपास चित्रं बसतात. जलरंगातल्या चित्रांवर ५० लक्सहून (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको, म्हणून ती खिडकीपासून लांबच्या भिंतीला.

अडलंय ते पुढे. चित्राला इजा झाली तर जबाबदारी कुणाची, हे प्रस्तावातच लिहायचं की प्रत्येक चित्रकाराकडून वेगळं संमतीपत्र घ्यायचं? निवडीसाठी बाहेरचा परीक्षक आणला तर समितीला बरं वाटेल, पण नुसत्या कल्पनेनेच आमच्यातले दोघं फुरंगटून बसलेत. आणि विक्रीचा विषय आत्ता काढावा की मंजुरीनंतर?

कुणाकडे मंजूर झालेल्या प्रस्तावाचा नमुना असेल तर नावं झाकून दाखवाल का? बैठक पुढच्याच आठवड्यात आहे.