गवताचा ट्रॅक्टर भंगारात द्यायचा का?

ए-५०१ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. सोसायटीच्या गवत कापायच्या ट्रॅक्टरचा विषय आज संपवू. भंगारवाला उद्या सकाळी बघायला येतोय. मागच्या पावसाळ्यात तीनदा बंद पडला, मेंटेनन्समधून किती वेळा पैसे काढायचे? कुणाची हरकत असेल तर रात्रीपर्यंत सांगा.

सी-१०३: माझी नाही. पाऊस लागला की गुडघाभर गवत होतं, नातवंडांना खाली सोडायची भीती वाटते. जे करायचं ते जूनच्या आत करा.

बी-४०२: माझी हरकत आहे. जरा मोठं लिहितोय, पण वाचा.

शनिवार-रविवार दोन्ही दिवस पार्किंगमध्ये तो उघडून बसलो होतो, माळीदादा सोबत होते. इंजिन ठणठणीत आहे. बिघडतात त्या चार-पाच जागा बनवणाऱ्यानेच कच्च्या ठेवल्यात. आपण दर वेळी तोच पार्ट तसाच बदलत आलो, म्हणून तेच दुखणं परत येतं.

आधी पात्यांचा खडखडाट. खालच्या डेकमध्ये, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या झाकणात, दोन पाती, प्रत्येकाला एक स्पिंडल, म्हणजे पातं फिरवणारा दांडा, स्पिंडलला वर-खाली बेअरिंग. स्पिंडलच्या हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, ग्रीस भरायचं निपल दिलंय आणि माळीदादा दर महिन्याला नेमाने ग्रीस मारत होते. रविवारी स्पिंडल खोलला तर आत मूठभर ग्रीस जसंच्या तसं साठलेलं, आणि खालचं बेअरिंग कोरडं, गोळ्या गंजून तपकिरी झालेल्या. हातात धरून फिरवलं तर वाळू भरल्यासारखी खरखर. कारण बेअरिंग दोन्ही बाजूंनी सीलबंद आहे, निपलमधलं ग्रीस आत जायला वाटच नाही! माळीदादांचा चेहरा एवढासा झाला. त्यांची यात काडीची चूक नाही. गेल्या मीटिंगमध्ये त्यांना बोलणी बसली, म्हणून हे इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

उपाय साधा आहे. ६२०३ नंबरचं बेअरिंग, आतला व्यास १७ मिमी, बाहेरचा ४०, जाडी १२. बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतं. बसवताना आतल्या बाजूचं रबर सील टोच्याने काढायचं, बाहेरचं राहू द्यायचं. मग निपलमधलं ग्रीस गोळ्यांपर्यंत पोचतं.

ए-५०१ (सेक्रेटरी): काका, आणि स्टिअरिंग? माळीदादा म्हणतात, पाव फेरा फिरवला तरी चाक जागचं हलत नाही.

बी-४०२: दोन ठिकाणी प्ले, म्हणजे ढिलेपणा आलाय. स्टिअरिंगचं गिअर म्हणजे जाड पत्रा पंच करून काढलेले दाते, मधले झिजलेत. वॉशर घालून दाते एकमेकांत घट्ट बसवता येतील, एवढ्यावर हा हंगाम निघेल. दुसरं, पुढच्या चाकांना बेअरिंगच नाही, प्लास्टिकचा बुश, म्हणजे आखूड नळी, थेट दांड्यावर फिरतो. त्यात माती गेली की दांडाही खातो. सातपूरच्या एमआयडीसीत लेथवर गनमेटलचे बुश टर्न करून घेऊ. नोकरीची सगळी वर्षं तिथेच काढली, माप मी स्वतः देईन.

बी-२०४: काका, सीटखालचा स्विच पण बघा ना. खड्ड्यात उसळला की इंजिन बंद. डायरेक्ट करून टाकू का? दोन मिनिटांचं काम आहे.

बी-४०२: नाही बाळा. ते अजिबात करायचं नाही. माणूस सीटवरून उठला किंवा पडला तर पाती थांबावीत म्हणून तो स्विच आहे. पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर असतो आणि आपली पोरं त्याच लॉनवर खेळतात. माळीदादा अंगाने हलके आहेत, उसळले की सीट वर येते आणि स्विच सुटतो. कनेक्टरही ढिला होता, तो नीट केलाय. सीटची स्प्रिंग एक घर खाली घेतली की बंद पडणं थांबेल.

डी-३०२: पण जूनमध्ये तो सुरूच होत नाही, त्याचं काय? दर वर्षी कार्बोरेटर साफ करायचे पैसे जातात.

बी-४०२: बरोबर विचारलंत ताई. आपण ऑक्टोबरात उभा करतो तो भरल्या टाकीनेच. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, मशीनच्या पुस्तकात मात्र १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलंय. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. आठ महिन्यांत पेट्रोल चिकट होतं आणि जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, चोंदतो. आणि या गाडीला पेट्रोल बंद करायचा कॉकच नाही! मोटरसायकलच्या दुकानातून नळीमध्ये बसणारा कॉक आणू. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची, कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवायचं.

सी-१०३: भाऊ, एवढं सगळं करून तो टिकेल का? खरं सांगा.

बी-४०२: खरं सांगतो वहिनी. गिअरबॉक्स सीलबंद आहे, ऑइल बदलायला ड्रेन प्लगसुद्धा नाही. तो एक दिवस जाणार, आणि त्या दिवशी मीच म्हणेन विका. चढावर तो तापतो, म्हणून क्लबहाउसमागचा उतार आता हातमशीननेच कापायचा. त्याच्या डोक्यावरचा प्लास्टिकचा पंखा गवताच्या भुश्याने पूर्ण बुजला होता, तो साफ ठेवला तर आणखी काही पावसाळे काढेल. डेकच्या तळाला मात्र दर वेळी खुरपं लावायचं. आपली काळी माती आणि ओलं गवत मिळून तिथे लिंपण बसतं, त्याखाली पत्रा सडतो. आत्ताच दोन ठिकाणी भोक पडलंय, पॅच वेल्ड करावे लागतील.

ए-५०१ (सेक्रेटरी): ठीक आहे काका. भंगारवाल्याला नको म्हणून कळवतो. सामानाची बिलं ठेवा, पुढच्या मीटिंगला मांडू.

बी-४०२: ठेवतो. बी-२०४, मंगळवारी दहाला तुझी गाडी घेऊन निघू. पुढची दोन्ही चाकं डिकीत घालायचीत. माळीदादांनाही सोबत घेऊ, बुश कसा बसतो ते त्यांना बघायचंय.

बी-२०४: हो काका, दहाला गेटवर.

सी-१०३: माळीदादांना सांगा, जाण्याआधी चहाला वर या म्हणावं.