ओटिस रेडिंगचं पहिलं गाजलेलं गाणं आणि डीजे जॉन आर.: जीव जडला होता की व्यवहार?

पायपेटी
अमेरिकन सोल गायक ओटिस रेडिंगचं 'डॉक ऑफ द बे' कॉलेजपासून ऐकतोय. आता ओटिसची सुरुवातीची गाणी काढलीत. त्यानेच लिहिलेलं 'दीज आर्म्स ऑफ माइन' नॅशव्हिलच्या डब्ल्यूएलएसी रेडिओ स्टेशनवर जॉन आर.ने उचलून धरलं म्हणतात. पण गाण्याच्या हक्कांत जॉन आर.ला वाटा दिला होता, हे वाचून मन खट्टू झालं. मग ते कौतुक खरं कसं मानायचं?

मिडियम वेव्ह
वाटा मिळाला होता, खरंय. स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या जिम स्ट्युअर्टला त्या गाण्याचं फारसं अप्रूप नव्हतं, म्हणून तो सहज देऊन बसला. पण रेकॉर्ड ऑक्टोबर १९६२ ची, आणि हे गाणं तिच्या मागच्या बाजूला! जॉन आर. ती उलटून महिनोन्महिने लावत राहिला. १९६३ मध्ये आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत ते २० व्या क्रमांकावर पोहोचलं. न खपणाऱ्या रेकॉर्डमधल्या वाट्याला काय किंमत? एवढे दिवस तेच गाणं रात्री लावायला आधी ते स्वतःला आवडावं लागतं. माझं तरी हेच ठाम मत.

रात्री का, तेही सांगतो. आमचे बाबा जेवणं आटोपली की ट्रान्झिस्टर घेऊन गच्चीवर जायचे, कारण अंधार पडला की मिडियम वेव्हवर लांबची स्टेशनं लागतात. डब्ल्यूएलएसी तर ५०,००० वॅटचं. नॅशव्हिलचा आवाज कितीतरी राज्यांत पोहोचायचा. जॉन आर. स्वतः गोरा, पण त्याच्या बोलण्यावरून कित्येक कृष्णवर्णीय श्रोत्यांना तो आपल्यातलाच वाटायचा. अशा माणसाने रोज रात्री एका नवख्या पोराचं गाणं लावायचं, म्हणजे केवढा आधार!

काळी पाच
रेकॉर्डिंगच्या दिवशी ओटिस मेम्फिसला स्टॅक्सच्या स्टुडिओत आला होता तो गिटारवादक जॉनी जेंकिन्सची गाडी चालवत. जेंकिन्सचं रेकॉर्डिंग काही जमेना, उरलेल्या वेळात याला गाऊ दिलं. पियानोवर स्टीव्ह क्रॉपर, एरवी गिटार वाजवणारा. त्याचे तिनाच्या गटातले ठोके नीट ऐका, चर्चमधल्या गाण्यासारखे.

पायपेटी
आत्ता हेडफोन लावून ऐकलं. पियानोनंतर तो पहिला शब्द जो लांबवतो, तिथेच तीनदा मागे गेलो. वाट्याचा विषय माझ्यापुरता मिटला. बाबा कोणती स्टेशनं लावायचे, तेही लिहा ना.