मदत हवी आहे: कमिन्स ५.९ ला जास्त बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) द्यायचंय, इंजिन उघडलंय तोवर काय काय करून घेऊ?

नमस्कार मंडळी,

निपाणीजवळ आमची टाटाची दहा टायरी आहे. आत कमिन्सचं सिक्स बीटी इंजिन, ५.९ लिटर, बारा व्हॉल्व्ह, जुना लाइन पंप. सेन्सर नाही, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) नाही. पासिंग चिक्कोडीचं, केए-२३. गाडी वडील चालवतात. उद्यमबागेतून कास्टिंग भरून गोव्यात उतरायचं आणि वास्को-वेर्ण्याकडून मिळेल तो माल घेऊन मोल्यावरून अनमोड घाट चढून परत यायचं, हा नेहमीचा फेरा. पासिंगपेक्षा जास्त माल आम्ही भरत नाही, हे आधीच सांगतो.

रिंगा गेल्या होत्या, ब्रीदरमधून धूर, ऑइलही खात होती. आता इंजिन उतरवलंय. ह्याला लायनर (सिलिंडरच्या आतली बदलता येणारी नळी) नाहीत, बोअर थेट ब्लॉकमध्येच. त्यामुळे १०२ मिमीच्या बोअरला अर्धा मिमी वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घालायचं ठरलंय. ब्लॉक आणि हेड मशीन शॉपला पोचलेत.

एवढा खर्च होतोच आहे, तर घाटातल्या त्रासाचंही आत्ताच बघावं असं वाटतं. भरल्या गाडीनं वळणावर तिसरा गिअर टिकत नाही. दुसऱ्यात टाकावी तर मागं रांग लागते, आणि तिसऱ्यात रेटली की काळा धूर आणि टेंपरेचरचा काटा वर. इंजिन उतरवायच्या आधी एक बूस्ट गेज लावून बघितलं होतं, घाटात १ बारच्या जरा खालीच राहतंय.

मिस्त्रींचं म्हणणं, "ह्यात काय न्हाई, मोठा टर्बो घालूया, डिझेल वाढवायचा पंपाचा स्क्रू दोन आटे फिरवूया, गाडी पळतंय बघ." माणूस हाताचा चांगला आहे, पण टर्बो वाढवल्यावर आत काय काय सोसावं लागेल ते कुणी नीट सांगत नाही. वडिलांचं वय आता साठीकडे आलंय. रात्री दूधसागरच्या बाजूला जंगलात हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) उडालं तर तिथं मोबाइलला रेंजसुद्धा नसते. म्हणून खरंच विचारतो:

२ बार बूस्ट द्यायचं म्हटलं तर कारखान्याचे हेड बोल्ट पुरतील की स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे) घालावे लागतील? जाड गॅस्केट घालून कॉम्प्रेशन कमी करा असं एकानं सांगितलंय, ते बरोबर आहे का? व्हॉल्व्ह स्प्रिंगा बदलाव्या लागतात का? आणि इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारी जाळी) जुनाच ठेवला तर चालेल का?

वेग नकोय. घाटात तिसरा टिकावा आणि इंजिन गरम होऊ नये, एवढंच हवंय.

—

प्रतिसाद (संकेश्वर)

भावा, ऊस हंगामात कारखान्याच्या रांगेतल्या गाड्यांची इंजिनं बांधण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, टर्बो मोठा करू नको. घाटात तुझं इंजिन चौदाशे-पंधराशे आरपीएमला ओढतं. तिथं मोठा टर्बो उठतच नाही, उलट खालचा पिकअप जातो आणि धूर वाढतो. मोठा टर्बो सपाट हायवेला, वरच्या आरपीएमला कामाचा. तुझं दुखणं खालचं आहे.

आता हेडचं. कागदावरचा ढोबळ हिशेब करून बघ. कॉम्प्रेशन साडेसतराला एक धर. बेळगाव साडेसातशे मीटरच्या वर आहे, तिथं बाहेरच्या हवेचा दाब साधारण ०.९२ बार. गेजवर १ बार असेल तर सिलिंडरमध्ये शिरणारी हवा १.९२ बारची. पिस्टन वर येईपर्यंत, डिझेल पेटायच्या आधीच, तिचे नव्वदच्या आसपास बार होतात. गेजवर २ बार केलंस की तोच आकडा एकशेचाळीसच्या जवळ जातो. १०२ मिमी बोअरचं क्षेत्रफळ ८१ चौरस सेंटीमीटरच्या वर. म्हणजे हेडला खालून उचलणारा जोर एका सिलिंडरमागं साडेसात टनांवरून साडेअकरा टनांवर गेला. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो म्हणून आकडे थोडे कमी येतील, पण जोर जवळजवळ दीडपट होतो. आणि त्यावर डिझेल पेटल्याचा दाब अजून वेगळा.

ह्या हेडला २६ बोल्ट आहेत. माझ्या अनुभवात दोन बारपर्यंत चांगले बोल्ट टिकतात, पण तीन अटींवर. हेड आणि ब्लॉक दोन्हींचा फेस सरळ पाहिजे, पट्टी आणि फीलर लावून तू स्वतः बघ, "मारलाय फेस" एवढ्यावर विश्वास ठेवू नको. बोल्टची लांबी मोजून घे, ताणलेला बोल्ट परत घालू नको. आणि आवळताना टप्प्यानं: सगळे ९० न्यूटन-मीटर, मग लांब बोल्ट १२०, मग सगळे ९० अंश फिरवून. लांब दांडा लावून अंदाजानं आवळणारा फिटर असेल तर टॉर्क रेंच भाड्यानं आण आणि शेजारी उभा राहा. दोन बारच्या पुढं जायचं असेल तरच स्टड. तुला त्याची गरज नाही.

जाड गॅस्केट अजिबात नको. कॉम्प्रेशन पडलं की डिसेंबरात खानापूरच्या थंडीत पहाटे गाडी उठणार नाही, पांढरा धूर सोडत बसेल, डिझेलही जास्त खाईल. दाब कमी करायचाच असेल तर टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) पुढं ओढू नको, कंपनीच्या खुणेवरच ठेव. घाटात लोडाखाली हेड उचलतं त्यात पुढं ओढलेल्या टायमिंगचा वाटा मोठा असतो, आणि लोक दोष बूस्टला देतात.

स्प्रिंगांचं थोडक्यात: साडेचार सेंटीमीटर व्यासाचा इनटेक व्हॉल्व्ह धर. २ बार बूस्ट त्याला मागून बत्तीस-एक किलोनं ढकलतं. एक्झॉस्टच्या बाजूला तर टर्बोच्या आधीचा दाब बूस्टपेक्षा जास्त असू शकतो. जुन्या, दमलेल्या स्प्रिंगा असतील तर व्हॉल्व्ह सीटवरून उचलतो. हेड उघडंच आहे, नव्या घाल.

ब्लॉक बंद करायच्या आधी पिस्टनखालचे ऑइल जेट तारेनं साफ करून हवा मारून घे. पिस्टनचा माथा तेच थंड ठेवतात. वरच्या रिंगेचा गॅप मापाच्या वरच्या टोकाला ठेवायला सांग, गरम झाल्यावर टोकं भिडली तर पिस्टनचा काठ तुटतो. आणि टायमिंग कव्हरच्या आतली डॉवेल पिन! जुन्या बी सिरीजच्या इंजिनात ती वर्षानुवर्षं थरथरून बाहेर येते आणि गिअरमध्ये पडते. कव्हर उघडलंयच तर तिच्यावर पट्टीचा तुकडा बोल्टखाली दाबून बसव. दहा मिनिटांचं काम, पण ते राहिलं तर सगळा खर्च पाण्यात.

एक गोष्ट विकत घेच: एक्झॉस्टच्या टेंपरेचरचं मीटर. प्रोब मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांतला जळका वायू टर्बोकडे नेणाऱ्या नळीत), टर्बोच्या आधी. घाटात सतत ७०० अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं पाहिजे. पाण्याचा काटा उशिरा बोलतो, तोवर पिस्टन भाजलेला असतो.

—

प्रतिसाद (बेळगाव)

वरच्या दादांचं पटतंय, फक्त पंपाकडून भर घालतो, कारण माझं काम कॅलिब्रेशनचं.

तुमची गाडी १ बारही पुरतं देत नाही आणि काळा धूर सोडते, म्हणजे डिझेलच्या मानानं हवा आधीच कमी पडतेय. अशात स्क्रू फिरवला तर धूर आणि उष्णता तेवढी वाढेल. आधी गळती शोधा. इंटरकूलर आणि होज दोन्ही टोकांना बंद करून १ बार हवा भरा आणि साबणाचं पाणी लावा. जुन्या गाडीत इंटरकूलरच्या टाकीच्या कडेला नाहीतर एल्बोच्या क्लिपखाली बुडबुडे हमखास निघतात. एअर फिल्टरही बघा. फिल्टर तुंबला की टर्बोला तेवढीच हवा द्यायला जास्त फिरावं लागतं आणि शाफ्ट जातो. पंपावर बूस्टच्या नळीनं चालणारा डायफ्राम असतो, बूस्ट येईपर्यंत डिझेल अडवून धरणारा. तो फाटला किंवा नळी चिरली तर गाडी लोडात मरते. सगळं नीट असेल तर कदाचित तुम्हाला बूस्ट वाढवायचीच गरज पडणार नाही. इंटरकूलरच्या जाळीत भुशासारखा कचरा दाटलेला असतो तो काढा, आणि कोर सडला असेल तर नवा घाला. तुमच्या कामासाठी थंड हवेचा फायदा बूस्टच्या आकड्यापेक्षा मोठा आहे.

नंतर नोझल आणि पंप एकदमच बेंचवर आणा. सहाही सिलिंडरना सारखं डिझेल गेलं पाहिजे. एकालाच जास्त जात असेल तर तोच पिस्टन आधी जातो आणि सरासरी टेंपरेचर बरोबर दिसत राहतं.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण मालक तुम्ही आहात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झालाच तर विमा कंपनी हेच आधी शोधते. जुन्या डिझेल गाडीला पीयूसीत धुराची हद्द ६५ हार्ट्रिज (धुराच्या काळेपणाचं माप) आहे, स्क्रू फिरवलेली गाडी तिथंच अडकते. इंजिन कंपनीच्या मापाला आणून घाट चढवणं, त्यात कसलीच अडचण नाही.

—

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. संकेश्वरच्या दादांचा टनांचा हिशेब वडिलांना वाचून दाखवला. टर्बो आहे तोच ठेवायचा, असं त्यांनीच मिस्त्रींना फोन करून सांगितलं.

आता ठरलंय ते असं: रीबोअर, नव्या स्प्रिंगा, नवे बोल्ट, डॉवेल पिनची पट्टी, जेट साफ. पंप आणि नोझल बेंचवर. इंटरकूलर आजच अंगणात साबणाच्या पाण्यानं तपासला, डाव्या टाकीच्या खालच्या कोपऱ्यात फेस येतोय. एक्झॉस्टचं मीटर घ्यायचं नक्की. पंपाच्या स्क्रूला सध्या हात लावत नाही, आधी घाटात रीडिंग बघतो.

दादा, दोन गोष्टी राहिल्या. प्रोबसाठी मॅनिफोल्डला भोक पाडायचं ते गाडीवरच पाडावं की काढून? आत चुरा गेला तर टर्बोच्या पात्यांत जाईल अशी भीती वाटते. आणि सहा सिलिंडरच्या ह्या मॅनिफोल्डला मध्ये पडदा आहे, पुढचे तीन आणि मागचे तीन वेगळे, तर प्रोब कुठल्या बाजूला बसवू?

—

प्रतिसाद (संकेश्वर)

काढूनच पाड, इंजिन खालीच आहे तर घाई कशाला. प्रोब मागच्या तिघांच्या बाजूला घाल. पाणी पुढून येतं, त्यामुळे मागचे सिलिंडर जास्त तापतात असा माझा अनुभव. आटे पाडल्यावर मॅनिफोल्ड उलटा धरून हवा मार. प्रोबचं टोक भिंतीला चिकटू देऊ नको, वायूच्या मधोमध आलं पाहिजे. हेडच्या फेसचं माप आलं की इथं टाक, बोल्ट घालायच्या आधी मी बघतो.